वाचकांचे प्रश्न : सेनापती टिटो आणि त्यांचे क्रोएशिया

दुसऱ्या महायुद्धात व्याप्त देशांमध्ये उभ्या राहिलेल्या सशस्त्र लढ्यांवर मागील अंकात लेख प्रसिद्ध झाला होता. त्यात योसिप ब्रॉझ टिटो यांचा उल्लेख 'क्रोएशियातील सेनानी' असा दोन ओळींत येऊन गेला. त्यावर बरीच पत्रे आली. अलिप्ततावादी चळवळीचे नेते म्हणून टिटो आपल्याकडे परिचित आहेत, पण त्यांच्या युद्धकाळाविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच काळाला दिले आहे.

प्रश्न : टिटो यांना क्रोएशियन म्हणणे कितपत योग्य आहे? ते तर युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष होते.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा जन्म 7 मे 1892 रोजी झाला. क्रोएशियाच्या वायव्येला, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून झागोर्ये हा डोंगराळ भाग आहे आणि त्यातील कुमरोव्हेट्स हे त्यांचे गाव. वडील फ्रान्यो क्रोएशियन होते, तर आई मारिया सीमेपलीकडील स्लोव्हेन कुटुंबातली होती. त्या वेळी हा सारा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत होता आणि युगोस्लाव्हिया नावाचा देश कागदावरही नव्हता. क्रोएशियन असणे ही त्यांची जन्माची ओळख होती आणि युगोस्लाव्ह असणे ही त्यांनी स्वीकारलेली राजकीय भूमिका होती. आजच्या क्रोएशियात त्यांच्याविषयी चालणाऱ्या वादाच्या मुळाशी हेच दुहेरीपण आहे. त्याकडे शेवटी येऊ.

प्रश्न : कोणत्याही युद्धशाळेत न गेलेला कारागीर लाखोंच्या सैन्याचा सेनापती कसा होऊ शकला?

युद्धशाळेचे शिक्षण नव्हते हे खरे; पण सैन्याचा अनुभव नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. सिसाक या गावी कुलूप-लोहारकामाची उमेदवारी केल्यानंतर काही वर्षे त्यांनी निरनिराळ्या शहरांतील धातूकारखान्यांत काम केले आणि 1913 मध्ये ते सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाले. तेथे ते लवकरच सार्जंट झाले आणि तलवारबाजीतही त्यांनी नाव मिळवले. पहिल्या महायुद्धात कार्पेथियन पर्वताच्या आघाडीवर शत्रूच्या हद्दीत शिरून टेहळणी करणाऱ्या पथकाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. मार्च 1915 मध्ये रशियन घोडदळातील एका स्वाराच्या भाल्याने ते गंभीर जखमी झाले, युद्धकैदी म्हणून रशियात गेले, तेथील क्रांती त्यांनी जवळून पाहिली आणि 1920 मध्ये ते घरी परतले. मोठी लढाई कशी आखावी हे या पाच-सात वर्षांत त्यांना कोणी शिकवले नाही. परंतु उपाशी आणि थकलेला शिपाई डोंगरात किती चालू शकतो, हे ते स्वतःच्या पायांनी शिकले होते. पुढे हेच ज्ञान अधिक उपयोगी पडले, असे माझे मत आहे.

त्यानंतरची शाळा भूमिगत पक्षकार्याची होती. कम्युनिस्ट पक्षावर बंदी असताना झाग्रेबमध्ये काम केल्याबद्दल 1928 मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. लेपोग्लावा येथील तुरुंगात वीजनिर्मिती यंत्राची देखभाल त्यांच्याकडे सोपवण्यात आली होती आणि मोशा पियादे हा बंदिवान चित्रकार, जो पुढे त्यांचा निकटचा सहकारी झाला, त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करीत असे. यंत्र सांभाळणाऱ्या कैद्याला तुरुंगभर फिरण्याची मुभा असते, तसेच बाहेरच्या दुरुस्तीच्या निमित्ताने गावातही जाता येते. या मोकळिकीचा लाभ पक्षाचे निरोप पोहोचवण्यासाठी होत गेला. 1934 मध्ये सुटका, मग मॉस्कोतील कम्युनिस्ट इंटरनॅशनल या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेत काम आणि 1937 पासून पक्षाची प्रत्यक्ष सूत्रे, असा पुढचा क्रम आहे. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्या हाती काही हजार सभासदांची, गुप्तपणे काम करण्याची सवय झालेली आणि देशाच्या प्रत्येक भागात शाखा असलेली संघटना होती. तोफा नसल्या तरी निरोप पोहोचवणारी माणसे होती, आणि गनिमी लढ्याची सुरुवात तेथूनच होते.

प्रश्न : क्रोएशिया तर हिटलरच्या बाजूला होता असे वाचले आहे. मग तेथे प्रतिकार कोणी केला?

6 एप्रिल 1941 रोजी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी युगोस्लाव्हियावर हल्ला केला. 10 एप्रिलला झाग्रेबमध्ये 'स्वतंत्र क्रोएशिया राज्य' जाहीर झाले आणि 17 एप्रिलला युगोस्लाव्ह सैन्याने शरणागती पत्करली. या नव्या राज्याची सत्ता आंते पाव्हेलिच आणि त्याच्या उस्ताशा संघटनेकडे आली. त्यात आजचा बोस्निया संपूर्ण सामावलेला होता आणि नावात स्वातंत्र्य असले तरी ते जर्मन व इटालियन सैन्याच्या आधारावरच उभे होते. सर्ब, ज्यू आणि रोमा यांच्याविरुद्ध या राजवटीने कत्तली आणि छळछावण्यांचे सत्र आरंभले. यासेनोव्हाट्सच्या एकाच छावणीत मृत्यू पावलेल्यांची जी नावनिशीवार यादी तेथील स्मारकाने केली आहे, तीत 83 हजारांहून अधिक नावे आहेत.

तेव्हा क्रोएशियन राजवट हिटलरच्या बाजूला होती, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. प्रतिकाराच्या मागे दोन वेगवेगळी कारणे होती. लिका, कोर्दुन आणि बानिया या भागांतील सर्ब शेतकऱ्यांना घरी राहिले तर मरण समोर दिसत होते, त्यामुळे ते रानात गेले. अॅड्रियाटिक किनाऱ्यावरील दाल्मेशियात मात्र बहुसंख्य क्रोएशियन होते आणि त्यांचा राग निराळ्या गोष्टीवर होता : 18 मे 1941 च्या रोम येथील करारांनी पाव्हेलिचने त्यांच्या किनाऱ्याचा मोठा भाग आणि बरीचशी बेटे मुसोलिनीला देऊन टाकली होती. राष्ट्राच्या नावाने सत्तेवर आलेल्या माणसाने राष्ट्राची भूमी परक्याला दिली, हे तेथील कोळी आणि गोदी कामगार विसरले नाहीत.

22 जून 1941 रोजी, म्हणजे जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला त्याच दिवशी, सिसाकजवळच्या ब्रेझोव्हित्सा जंगलात क्रोएशियातील पहिले सशस्त्र पथक स्थापन झाले. क्रोएशियातील लढ्याचे मुख्यालय प्रथम इव्हान रुकाविना आणि पुढे इव्हान गोश्न्याक यांच्या हाती होते. दोघेही स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले. दाल्मेशियात स्प्लिट शहरातील कामगार नेते वित्स्को क्रस्तुलोविच यांनी लढा उभारला. टिटो या सर्वांचे सरसेनापती होते, परंतु 1941 ते 1943 या काळात त्यांचा स्वतःचा मुक्काम मुख्यतः सर्बिया, बोस्निया आणि माँटेनेग्रोच्या डोंगरांत राहिला, ही बाब लक्षात ठेवावी. क्रोएशियातील दैनंदिन लढाई स्थानिक सेनानींनी लढवली.

टिटो यांचे वेगळेपण सैन्याच्या रचनेत दिसते. स्थानिक पथके आपल्या गावाभोवती चांगली लढत, पण गाव सोडायला तयार नसत. 21 डिसेंबर 1941 रोजी पूर्व बोस्नियातील रुदो येथे त्यांनी पहिली 'प्रोलेटेरियन' (कामगारवर्गीय) ब्रिगेड स्थापन केली. कोणत्याही एका मुलखाशी बांधलेली नसलेली आणि सांगाल तेथे जाणारी अशी ही फौज होती. सर्ब, क्रोएशियन, माँटेनेग्रिन आणि मुस्लिम एकाच पंगतीत जेवतील असे सैन्य उभे करणे, हे त्या रक्तपाताच्या दिवसांत जवळजवळ अशक्य मानले जात होते. उस्ताशांना ते नको होते आणि सर्ब राष्ट्रवादी चेतनिकांनाही नको होते.

प्रश्न : नेरेत्वाच्या लढाईत टिटोंनी आपलाच पूल उडवला आणि नंतर त्याच पुलावरून नदी ओलांडली, ही दंतकथा आहे काय?

घडले तसेच, मात्र त्यामागचा हेतू काय होता याविषयी मतभेद आहेत. हा प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण टिटो यांची बलस्थाने आणि त्यांच्या चुका दोन्ही येथे एकत्र दिसतात.

जानेवारी 1943 मध्ये जर्मन, इटालियन आणि उस्ताशा फौजांनी पश्चिम बोस्नियातील बिहाचच्या आसपासच्या मुक्त प्रदेशावर एकत्रित चढाई केली. टिटो यांचे पार्टिझान (गनिमी) सैन्य आग्नेयेला मागे सरकू लागले आणि सोबत सुमारे चार हजार जखमी व आजारी सैनिक होते. टायफस या तापाची साथ पसरली होती. घोडे कमी होते, त्यामुळे स्ट्रेचर माणसांनाच वाहावे लागत, आणि या कामासाठी पकडलेल्या इटालियन कैद्यांनाही लावण्यात आले होते. जखमींना मागे ठेवले तर शत्रू त्यांना ठार करणार, हे आधीच्या अनुभवावरून सर्वांना ठाऊक होते. साऱ्या सैन्याची चाल आता सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या वेगावर ठरत होती. गनिमी सैन्याचे सारे बळ वेगात असते, आणि टिटो यांनी नेमका तोच सोडून जखमींना सोबत ठेवले. निव्वळ लष्करी हिशेबाने पाहिले तर हा तोट्याचा व्यवहार होता. परंतु सगळे सैन्य स्वयंसेवकांचे असेल आणि उद्या आपणही स्ट्रेचरवर असू शकतो हे प्रत्येकाला माहीत असेल, तर हिशेब बदलतो.

मार्चच्या आरंभी हे सैन्य नेरेत्वा नदीच्या खोल दरीत, याब्लानित्सा गावाजवळ अडकले. मागे जर्मन आणि समोर पलीकडच्या काठावर इटालियनांच्या साहाय्याने आलेले चेतनिक, अशी कोंडी झाली होती. तेव्हा टिटो यांच्या आदेशावरून नदीवरील पूल उडवण्यात आले आणि त्यांतच याब्लानित्साचा लोखंडी रेल्वेपूल होता. त्यानंतर मुख्य बळ उलट दिशेला, गोर्नी वाकुफकडे वळवून जर्मनांवर जोरदार प्रतिहल्ला करण्यात आला. पूल गेले आणि सैन्य उत्तरेकडे तोंड करून लढते आहे, यावरून शत्रूची समजूत झाली की नदी ओलांडण्याचा बेत सोडला गेला आहे.

रेल्वेपुलाचा सांगाडा एका बाजूने नदीत कोसळला होता, तरी त्याचे लोखंड दोन्ही काठांना कसेबसे जोडून होते. 6 आणि 7 मार्चच्या मधल्या रात्री दुसऱ्या दाल्मेशियन ब्रिगेडमधील हातबॉम्ब घेतलेली एक लहान तुकडी त्या वाकलेल्या तुळयांवरून सरपटत पलीकडे पोहोचली आणि तिने चेतनिकांचे मोर्चे काबीज केले. मग सुरुंग लावणाऱ्या पथकाने त्याच सांगाड्यावर फळ्या आणि ओंडके टाकून पायी जाण्यापुरती वाट तयार केली. त्यावरून बहुतांशी रात्रीच्या अंधारात, विमानांच्या बॉम्बवर्षावाच्या मधल्या वेळात, जखमींना नेण्यात आले. अवजड तोफा त्या वाटेवरून जाणे शक्य नव्हते, त्यामुळे मोठ्या कष्टाने मिळवलेली ही शस्त्रे नष्ट करून सोडून द्यावी लागली.

युगोस्लाव्हियाच्या शालेय इतिहासात ही घटना आधीपासून आखलेली चाल म्हणून शिकवली जाई. अनेक अभ्यासकांचे मत याहून निराळे आहे : पूल उडवताना टिटो खरोखरच नदी ओलांडण्याचा विचार बाजूला ठेवून बसले होते आणि परिस्थिती बदलल्यावर त्यांनी झटपट निर्णय फिरवला. मला दुसरे मत अधिक पटते, आणि त्याने सेनापतीचा मोठेपणा कमी होतो असेही वाटत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. याब्लानित्साला आज पाण्यात पडलेला जो पूल पर्यटकांना दिसतो, तो युद्धानंतर पुन्हा बांधलेला आणि पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस एका युद्धपटाच्या चित्रीकरणासाठी उडवलेला पूल आहे.

प्रश्न : टिटोंनी जर्मनांशी गुप्त वाटाघाटी केल्या होत्या, असा आरोप वाचनात आला. त्यात तथ्य आहे का?

आहे. नेरेत्वा ओलांडण्याचे काम चालू असतानाच, मार्च 1943 मध्ये, मिलोव्हान जिलास, कोचा पोपोविच आणि व्लादिमीर व्हेलेबित या तिघांनी टिटो यांच्या वतीने जर्मन अधिकाऱ्यांची भेट घेतली आणि चर्चा पुढे झाग्रेबमध्येही झाली. कैद्यांची अदलाबदल व्हावी आणि पार्टिझान सैन्याला लुटारूंची टोळी न मानता रीतसर युद्धमान पक्ष मानले जावे, हा मुख्य विषय होता. चेतनिकांशी लढायला मोकळीक मिळावी म्हणून जर्मनांशी तात्पुरता लढाईविराम करण्याची तयारीही दाखवण्यात आली होती. काही कैद्यांची अदलाबदल झाली आणि त्यांत टिटो यांची सहचरी हेर्ता हास हिचा समावेश होता. त्यापलीकडे काहीही निष्पन्न झाले नाही, कारण बंडखोरांशी बोलणी करण्यास बर्लिनने नकार दिला.

युगोस्लाव्हियात या विषयावर अनेक वर्षे मौन पाळण्यात आले आणि त्यामुळेच तो आरोपाच्या स्वरूपात फिरत राहिला. चार हजार जखमी घेऊन कोंडीत सापडलेल्या सेनापतीने वेळ मिळवण्याचा प्रयत्न केला, यात देशद्रोह दिसत नाही. मात्र हेच निकष चेतनिकांच्या वाटाघाटींना लावताना युगोस्लाव्ह इतिहासकारांनी हात आखडता घेतला, हेही नमूद करायला हवे.

प्रश्न : साम्यवादविरोधी चर्चिल यांनी एका कम्युनिस्ट सेनापतीला मदत का केली?

युगोस्लाव्हियाचा राजा आणि त्याचे सरकार लंडनमध्ये आश्रयाला होते आणि चेतनिकांचे नेते द्राजा मिहाइलोविच हे त्या सरकारचे युद्धमंत्री होते. त्यामुळे ब्रिटिशांची मदत आधी त्यांनाच जात असे. जर्मन बिनतारी संदेश ब्रिटिशांच्या हाती पडू लागले तसे स्पष्ट झाले की जर्मनांना खरा त्रास पार्टिझान देत आहेत. प्रत्यक्ष पाहणीसाठी मे 1943 च्या अखेरीस कॅप्टन विल्यम डीकिन आणि कॅप्टन बिल स्ट्युअर्ट यांचे लहान पथक माँटेनेग्रोतील दुर्मितोर पर्वताजवळ हवाई छत्रीने उतरवण्यात आले.

ते उतरले ते नेमके सुत्येस्का नदीच्या खोऱ्यातील लढाईत. सुमारे एक लाखाहून अधिक शत्रुसैन्याने वीस-बावीस हजार पार्टिझानांना वेढले होते आणि त्यांत दाल्मेशियातून आलेल्या क्रोएशियन तरुणांची संख्या मोठी होती. 9 जून रोजी एका बॉम्बने स्ट्युअर्ट ठार झाले, डीकिन जखमी झाले आणि टिटो यांच्या डाव्या दंडात तुकडा घुसला. त्यांचा लक्स नावाचा कुत्रा त्याच स्फोटात मेला. दुसऱ्या दिवसापासून वेढा फुटू लागला, पण त्याची किंमत सात हजारांच्या आसपास मृत्यू ही होती. जे जखमी नेरेत्वावरून वाचवून आणले होते, त्यांपैकी बरेच जण येथे मागे पडले आणि मारले गेले. त्यांच्यासोबत राहिलेल्या तिसऱ्या डिव्हिजनचा सेनानी सावा कोवाचेविच हाही 13 जूनला पडला.

ब्रिटिश अधिकाऱ्याने टिटो यांना एकाच खळग्यात शेजारी पडलेले असताना पाहिले होते. अशा साक्षीला लंडनमध्ये वजन असणारच. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि दाल्मेशियातील इटालियन शस्त्रसाठा मोठ्या प्रमाणावर पार्टिझानांच्या हाती आला. त्याच वर्षअखेरीस तेहरान परिषदेत दोस्त राष्ट्रांनी टिटो यांना मदत देण्याचे ठरवले. चर्चिल यांचा हिशेब जर्मनांना कोण अधिक मारतो एवढाच होता. युद्धानंतर काय होईल, याचा विचार त्यांनी पुढे ढकलला आणि तो त्यांना महागात पडला.

प्रश्न : वाढदिवसाच्या दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला होता ना?

वर सांगितल्याप्रमाणे खरी जन्मतारीख 7 मे आहे. युगोस्लाव्हियात वाढदिवस मात्र 25 मे रोजी साजरा होत असे. 25 मे 1944 रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक आणि ग्लायडर पश्चिम बोस्नियातील ड्रवार गावावर उतरले. टिटो गावालगतच्या डोंगरातील गुहेत होते आणि समोरची वाट गोळीबाराखाली असल्यामुळे ते वरच्या बाजूने दोराच्या साह्याने निसटले. शिंप्याकडे दिलेला त्यांचा मार्शलचा नवा गणवेश तेवढा जर्मनांना मिळाला आणि तो व्हिएन्नात प्रदर्शनात मांडण्यात आला. त्यानंतर ते विमानाने इटलीतील बारी येथे आणि तेथून ब्रिटिश युद्धनौकेने क्रोएशियाच्या व्हिस बेटावर आले. ऑगस्टमध्ये नेपल्सला चर्चिल यांची भेट झाली. सप्टेंबरमध्ये एका रात्री यजमान ब्रिटिशांना काही न सांगता ते स्टॅलिनच्या भेटीसाठी विमानाने निघून गेले. 20 ऑक्टोबर 1944 रोजी बेलग्रेड मुक्त झाले.

प्रश्न : एवढे कर्तृत्व असताना क्रोएशियात आज त्यांच्याविषयी कटुता का आहे?

कारण युद्ध संपताना जे घडले ते झाकून ठेवण्यासारखे नव्हते, तरी झाकले गेले. मे 1945 मध्ये पराभूत उस्ताशा आणि क्रोएशियन सैनिक, त्यांच्यासोबत निघालेले नागरिक आणि इतर पराभूत गटही ऑस्ट्रियाच्या सीमेवर ब्लायबुर्ग येथे पोहोचले. ब्रिटिशांनी त्यांना स्वीकारण्यास नकार दिला आणि ते पार्टिझानांच्या ताब्यात गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत स्लोव्हेनियात आणि परतीच्या लांब पायपिटीत हजारोंच्या संख्येने लोकांना खटल्याविना ठार करण्यात आले. त्यांत गुन्हेगार होते तसे सक्तीने भरती झालेले कोवळे तरुणही होते. सरसेनापती या नात्याने याची जबाबदारी टिटो यांच्यावर येते आणि त्यांचे समर्थकही ती पूर्णपणे नाकारू शकत नाहीत. पुढे एकपक्षीय राजवट, आर्चबिशप स्टेपिनात्स यांच्यावरील 1946 चा खटला आणि 1948 मध्ये स्टॅलिनशी फारकत झाल्यावर गोली ओतोक बेटावर डांबलेले राजकीय कैदी यांची त्यात भर पडली.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. मुसोलिनीला दिलेला किनारा पार्टिझानांनीच परत मिळवला, आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान इटलीकडे असलेला इस्त्रिया या द्वीपकल्पाचा बहुतांश भाग, तसेच रिएका शहर, आज क्रोएशियात आहे ते याच विजयामुळे. पार्टिझान चळवळीने जून 1943 मध्ये क्रोएशियाचे जे प्रतिनिधिमंडळ भरवले, त्याच्या निर्णयांचा उल्लेख आजच्या क्रोएशियाच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा एक आधार म्हणून आहे, आणि तोही 1941 च्या पाव्हेलिच राज्याच्या विरोधात उभा केलेला, अशा स्पष्ट शब्दांत.

व्यवहारात मात्र मते दुभंगलेलीच आहेत. झाग्रेबमधील मार्शल टिटो चौकाचे नाव महापालिकेने 2017 मध्ये बदलले. कुमरोव्हेट्स येथील जन्मघर संग्रहालय म्हणून जपले आहे आणि मे महिन्यात तेथे दरवर्षी हजारो लोक जमतात. त्याच घरासमोरचा आंतुन आउगुस्तिंचिच यांनी घडवलेला पुतळा डिसेंबर 2004 मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आला होता आणि दुरुस्तीनंतर पुन्हा जागेवर बसवला गेला. ब्रेझोव्हित्सा जंगलातील पथकाचा 22 जून हा दिवस सरकारी पातळीवर फॅसिझमविरोधी संघर्षाचा दिन म्हणून पाळला जातो, मग सत्तेवर कोणताही पक्ष असो.